सेमिनरीचे नाव काढले की घाबरता कशाला?

“मुलांना मिस्साला बोलवा, नोव्हेनाला बोलवा, हवे तर रक्तदानाला बोलवा. पण सेमिनरीचे नाव त्यांच्यापुढे काढू नका.” बेंगळुरूत स्थायिक झालेल्या आमच्या वसईकर आणि मुंबईकर कॅथलिक मंडळींत हा सूर आता चांगलाच मुरला आहे. रविवारची मिस्सा आटोपून लोक चर्चच्या आवारात घुटमळत असतात, तेव्हा विषय निघतोच. निमित्त असते वेदीवरून झालेल्या एखाद्या घोषणेचे: अमुक संघाच्या मठात शनिवार-रविवारी ‘कम अँड सी’ शिबिर आहे, पाचारणाचा विचार करू इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींनी यावे. एवढे कानावर पडले की आईबापांच्या कपाळावर आठ्या चढतात.

हे आक्षेप घेणारे लोक चर्चद्वेष्टे मुळीच नाहीत. फेस्ताची वर्गणी तेच आधी देतात, आजारी फादरांना डबाही तेच पोचवतात. म्हणूनच त्यांना उत्तर देणे भाग आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ही शुद्ध भरती आहे, कोवळ्या वयातल्या मुलांच्या डोक्यात भलते भरवले जाते. गरीब घरची मुले शिक्षणाच्या ओढीने मठात शिरतात आणि अडकतात. सेवाच करायची तर ती संसारात राहूनही करता येते. आणि गेल्या काही वर्षांतली प्रकरणे पाहिल्यावर शहाण्या माणसाने आपली मुलगी मठात पाठवावी तरी का? यातला एकही मुद्दा पोकळ नाही. पण प्रत्येक मुद्द्यावरून जो निष्कर्ष काढला जातो, की हा विषय मुलांपुढे नकोच, तो मला साफ चुकीचा वाटतो.

हा वाद बेंगळुरूतच एवढा रंगतो, याला कारण आहे. देशातल्या फार थोड्या शहरांत इतकी गुरुविद्यालये आणि इतके मठ एकत्र सापडतील. मल्लेश्वरमला १९३४ पासून सेंट पीटर्स सेमिनरी आहे. होसूर रोडवर, ख्राइस्ट विद्यापीठाला लागून, केरळातल्या चेत्तिपुळाहून १९५७ मध्ये इथे आलेले धर्माराम हे गुरुविद्यालय आहे. सर्जापूर रोडकडचे आयटीवाले ज्या रेल्वे स्टेशनवर उतरतात, त्याचे नावच कार्मेलाराम. एका फाटकाआड नवदीक्षित मुलगा भाजीच्या वाफ्याला पाणी घालतो आहे आणि समोरच्या इमारतीत त्याच्याच वयाचा मुलगा रात्रपाळीचा कोड तपासतो आहे, हे दृश्य या शहरात नवलाचे नाही. दोन आयुष्ये इतकी शेजारी शेजारी असताना दुसऱ्या फाटकाकडे बघूच नका, असे मुलांना सांगणे विचित्र आहे.

आता पहिला आक्षेप, भरतीचा. मुलगा दहावी पास होतो न होतो तोच जेईईच्या क्लासवाल्याचा घरी फोन येतो. आपण त्याला घरी बोलावतो, चहा पाजतो आणि दोन वर्षांची फी एकरकमी भरतो. सतराव्या वर्षी इंजिनिअरिंगची शाखा ठरते. ती बहुधा मुलाच्या आवडीवर ठरत नाही, कटऑफवर ठरते. पुढे कॅम्पसमध्ये कंपनी येते, वीस मिनिटांच्या मुलाखतीत पुढल्या काही वर्षांचा पत्ता ठरवून जाते. लग्नाचे म्हणाल तर कांदेपोह्यांच्या दोन बैठकांत आयुष्यभराचा निर्णय लागतो. या कशालाच आपण डोके भडकवणे म्हणत नाही. फक्त कुणी विचारले, “देव तुला वेगळ्या वाटेने बोलावतो आहे का, याचा कधी विचार केलास?”, की आपल्याला मुलाच्या स्वातंत्र्याची आठवण होते.

स्वातंत्र्याचीच गोष्ट काढली आहे, तर ख्रिस्तसभेचा कायदा काय सांगतो तेही पाहू. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्येच मुलीला बळजबरीने मठात ढकलणाऱ्यांना बहिष्काराची शिक्षा सांगितली, आणि जिला खरोखर जायचे आहे तिला अकारण अडवणाऱ्यांनाही तीच सांगितली. आजच्या कॅनन लॉचे २१९वे कलम सांगते की जीवनाची वाट निवडताना कुणावरही कसलीच जबरदस्ती होता कामा नये. १०२६वे कलम गुरुदीक्षेसाठी कुणालाही भाग पाडायला मनाई करते. सतरा वर्षे पूर्ण होण्याआधी नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या उमेदवारीत, प्रवेश नाही. ते किमान बारा महिन्यांचे असते आणि त्या काळात नवदीक्षित केव्हाही उठून घरी जाऊ शकतो. त्यानंतरची व्रतेही तात्पुरती असतात, निदान तीन वर्षांची. आजन्म व्रतांसाठी वयाची एकवीस वर्षे आणि गुरुदीक्षेसाठी पंचवीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात. ही किमान मर्यादा झाली, प्रत्यक्षात वाट याहून लांब असते. येशूसंघात शिरलेल्या मुलाला फादर व्हायला दहा-बारा वर्षे सहज लागतात. इतकी वर्षे आणि इतकी उघडी दारे ठेवून भरती करणारी दुसरी कुठली संस्था असेल तर मला दाखवा.

येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला तर याहून पुढे गेला. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या आपल्या मनात काय येते, काय टिकते आणि काय विरून जाते, हे तो न्याहाळू लागला. त्यातूनच पुढे आध्यात्मिक साधनेचे त्याचे पुस्तक तयार झाले. त्या पुस्तकातली पंधरावी सूचना मार्गदर्शकासाठी आहे. तिचा आशय असा की साधना चालू असताना साधकाला व्रतस्थ जीवनाकडे ओढू नये आणि त्यापासून दूरही लोटू नये. मार्गदर्शकाने तराजूच्या काट्यासारखे मधोमध राहावे आणि साधकाचे काय ते देवाशी होऊ द्यावे. आणखी एक शिस्त त्याने घालून दिली: मन उदास, कोरडे झालेले असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. पाचारणाची पारख म्हणतात ती ही. होकार उकळण्याचे ते तंत्र असते, तर या सूचना त्यात आल्याच नसत्या.

चांगल्या शिबिरात काय चालते, तेही एकदा जवळून पाहावे. शनिवारी दुपारी मुले येतात, मोबाइल एका टोपलीत जमा होतात. ओळखपाळख झाली की एखादा पिकल्या केसांचा ब्रदर आपली गोष्ट सांगतो, आणि शहाणा असेल तर त्यात आपले एकटेपण, आपले रुसवे, सुपीरियरशी झालेली भांडणे हेही सांगतो. मग तासभर मौन. नुसते गप्प बसून राहणे बेंगळुरूच्या मुलांना सगळ्यांत जड जाते. नंतर प्रत्येकाशी एकांतात बोलणे होते आणि तिथले प्रश्न नेमके असतात. घरी तुझ्या पगारावर कोण अवलंबून आहे? डोक्यावर कर्ज आहे का? कुणावर प्रेम आहे का? कशापासून पळून तर येत नाहीस ना? रात्री भात-सांबार, सकाळी मिस्सा आणि दुपारी ज्याने त्याने आपल्या वाटेने जायचे. यातले बरेच जण पुन्हा फिरकत नाहीत. पण आपल्याला नेमके काय हवे आहे, हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा गंभीरपणे विचारून ते घरी जातात. त्यातून पुढे चांगला नवरा झाला, चांगली डॉक्टर झाली, तर शिबिर वाया गेले असे मी म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप गरीब मुलांचा आहे आणि तो जास्त टोचणारा आहे. झारखंड, ओडिशा, आंध्र, ईशान्य भारत इथल्या खेड्यांतून मुले-मुली बेंगळुरूच्या मठांत येतात, हे खरे आहे. त्यांतल्या काहींना शिक्षणाची ओढ इथवर आणते, हेही खरे. पण हेतू सुरुवातीपासून शंभर टक्के शुद्ध असावा, ही अट आपण फक्त गरिबालाच घालतो. आयआयटीला जाणाऱ्याला कुणी विचारते का, की बाबा, तू विज्ञानाच्या प्रेमापोटी चाललास की पॅकेजसाठी? हेतू गाळून घ्यायलाच तर ही सगळी वर्षे दिलेली असतात.

खरी मेख परतीच्या वाटेवर आहे, आणि तिथे दोषी मठापेक्षा आपण अधिक आहोत. सेमिनरी सोडून घरी आलेल्या मुलाकडे आपल्या गावांत कसे बघतात ते आठवा. “काय भानगड केली असेल?” ही कुजबुज सुरू होते. मुलगी परत आली तर तिच्या लग्नाच्या बोलण्यांत ती गोष्ट लपवावी लागते. मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. ज्ञानेश्वरांच्या वडिलांची कथा घरोघर ठाऊक आहे. विठ्ठलपंतांनी घरात पत्नी असताना संन्यास घेतला, गुरूला हे कळले तेव्हा त्यांनी त्यांना परत संसारात धाडले, आणि आळंदीने त्या कुटुंबाला वाळीत टाकले. चार लेकरांना संन्याशाची पोरे म्हणून हिणवले गेले. पारख न करता घेतलेला निर्णय आणि परतणाऱ्याला दारे लावणारा समाज, या दोन्हींचे फळ त्या घराने भोगले. मुले मठात अडकू नयेत असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी परत आलेल्याला आधी मानाने घरात घ्यावे. परतीचा रस्ता मोकळा असला की जाण्यातली भीती आपोआप कमी होते.

“सेवा काय, संसारात राहूनही करता येते,” हा तिसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पावित्र्याचे पाचारण सगळ्यांनाच आहे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्ट शब्दांत सांगितले. पण मग कुठली वाट कुणाची, हे ठरवण्यासाठी पारख आणखीच हवी. वसईच्या संत गोन्सालो गार्सियाचेच बघा. सोळाव्या शतकात कोवळ्या वयात तो येशूसंघीयांबरोबर जपानला गेला आणि तिथे धर्मशिक्षक म्हणून काम केले. संघात त्याला जागा मिळाली नाही. मग तो व्यापारात पडला आणि त्यात त्याचा चांगला जम बसला. मनिलात तो फ्रान्सिस्कन झाला, तोही फादर म्हणून नाही, साधा ब्रदर म्हणून. दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मेला. १८६२ मध्ये तो संत जाहीर झाला. आपण त्याच्या नावाने कॉलेज काढतो, फेस्त करतो. पण त्याच्या आयुष्याचा धडा विसरतो: नकार पचवत, धंदा करत, वाट बदलत त्याने आपली जागा शोधली. त्याला तीस वर्षांच्या आतबाहेर जे कळले, ते आपल्या मुलांना बाविसाव्या वर्षी कळलेच पाहिजे असे नाही. पण शोधायला तरी द्याल की नाही?

बेंगळुरूत देह ठेवलेल्या डॉ. मेरी ग्लौरी यांची गोष्ट अशीच आहे. मेलबर्नच्या या डॉक्टर बाईने १९१५ मध्ये डॉ. अॅग्नेस मॅक्लारेन यांच्या भारतातल्या कामाविषयी एक पुस्तिका वाचली. त्या लगेच बोटीत बसल्या नाहीत. प्रॅक्टिस चालू ठेवली, एम.डी. पूर्ण केले आणि १९२० मध्ये गुंटूरला येऊन धर्मभगिनी झाल्या. सिस्टर असूनही डॉक्टरी करता यावी, म्हणून त्यांच्यासाठी खास परवानगी मिळवावी लागली. १९४३ मध्ये त्यांनी कॅथलिक रुग्णालयांची संघटना उभी केली. कॅथलिक मेडिकल कॉलेज व्हावे हे त्यांचे स्वप्न होते. १९५७ मध्ये त्या बेंगळुरूत वारल्या आणि सहा वर्षांनी याच शहरात सेंट जॉन्स मेडिकल कॉलेज सुरू झाले. आज त्याच कॉलेजात मुलीला सीट मिळावी म्हणून नोव्हेना करणारे पालक, मुलीने सिस्टर होण्याचा विचारही करू नये म्हणून दुसरी नोव्हेना करतात. यातली विसंगती त्यांची त्यांनीच तपासावी.

काही कामे अशी असतात की त्यांना घरदार नसलेला माणूस लागतो. संसारी माणूस कमी पडतो म्हणून नव्हे, तर त्याच्या जबाबदाऱ्या त्याला रात्री घरी बोलावतात म्हणून. १९८० च्या सुमारास बेंगळुरूच्या रेल्वे स्टेशनवर राहणाऱ्या मुलांमध्ये जाऊन बसायला सुरुवात केली ती धर्मशास्त्र शिकणाऱ्या सालेशियन ब्रदरांनी. त्यातून ‘बॉस्को’ हे काम उभे राहिले. मागडी रोडवरच्या सुमनहळ्ळीत कुष्ठरुग्णांचे पुनर्वसन १९७८ पासून चालू आहे. फादर स्टॅन स्वामी १९७५ पासून दहा-अकरा वर्षे याच शहरात इंडियन सोशल इन्स्टिट्यूटचे संचालक होते. पुढे ते झारखंडच्या आदिवासींत जाऊन राहिले. वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांना अटक झाली. कंपवाताने हात थरथरत, म्हणून त्यांना तळोजा तुरुंगात पाणी प्यायला नळीचा पेला मागावा लागला. जामिनाचा अर्ज पडून असतानाच ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात ते गेले. आपल्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी उभे राहिले, ‘सुवार्ता’ चालवली आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा याच मंडळींची छाती अभिमानाने फुगली होती. अध्यक्ष आपला हवा, पण फादर मात्र शेजाऱ्याच्या घरातून यावा, हा हिशेब काही जमत नाही.

चौथा आक्षेप प्रकरणांचा. इथे सारवासारव करणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. १ एप्रिल २०१३ रोजी मल्लेश्वरमच्या सेंट पीटर्स सेमिनरीचे रेक्टर फादर के. जे. थॉमस यांचा सेमिनरीतच खून झाला आणि पुढच्या वर्षी पोलिसांनी ज्यांना अटक केली त्यांत धर्मगुरूही होते. २०१८ मध्ये केरळात एका सिस्टरने बिशपाविरुद्ध बलात्काराची तक्रार दिली. कोट्टायमच्या न्यायालयाने २०२२ मध्ये बिशपाला निर्दोष सोडले, हे नोंदवलेच पाहिजे. पण २०१८ च्या सप्टेंबरात कोचीच्या रस्त्यावर आपल्या सहकारिणीसाठी उपोषणाच्या मंडपात पाच सिस्टर बसल्या होत्या, हेही नोंदवले पाहिजे. मठात धीट, शिकलेल्या, स्वतःच्या मर्जीने आलेल्या बायका असतील तरच असा आवाज उठतो. ज्यांना दुसरा पर्याय नव्हता म्हणून आणून बसवले, त्या गप्प राहतात. म्हणजे ही प्रकरणे पारख थांबवायला सांगत नाहीत, ती कडक करायला सांगतात. विचारी घरांनी आपली मुले बाहेर ठेवली, तर आत कोण उरेल?

एक आक्षेप कुणी चारचौघांत बोलत नाही, पण सगळ्यांत वजनदार तोच आहे: “आमचा एकुलता एक आहे.” ही वेदना खरी आहे. तिची टर उडवणार नाही. पण हाच एकुलता एक कॅनडाला निघाला की आपण विमानतळावर हार घेऊन जातो. वसईच्या किती घरांत म्हातारा-म्हातारी मोठ्या बंगल्यात व्हिडिओ कॉलची वाट बघत बसली आहेत, ते मोजायला लांब जावे लागणार नाही. तेव्हा वंश, म्हातारपण, आधार यांपैकी काहीच आडवे येत नाही. मुलगा दूर जाण्याचे दुःख दोन्हीकडे सारखेच असते. एकीकडे डॉलर येतात एवढाच फरक, आणि तो आपण कबूल करावा.

आता दोन शब्द पलीकडच्या बाजूला. भरतीचा आरोप हवेतून आलेला नाही. काही संघांचे व्होकेशन प्रमोटर वर्षाअखेरी किती मुले आणली याचा आकडा सांगतात. रंगीत पत्रकांवर हसऱ्या सिस्टर असतात, पण त्यांच्या दिवसाचे वेळापत्रक नसते. जगभरातल्या सिस्टरांची संख्या २०२२ अखेर सहा लाखांच्या खाली आली, म्हणून काहींना घाई झाली आहे. घाईने वसतिगृहे भरतील, मठ भरणार नाहीत. पदवी होऊ द्या, वर्ष-दोन वर्षे नोकरी करू द्या. मानसशास्त्रज्ञाची मदत घ्या, त्यात कमीपणा नाही. ब्रदर म्हणजे अर्धवट राहिलेला फादर आणि सिस्टर म्हणजे फादरांची मदतनीस, ही समजूत आधी आपल्या आवारातून काढा. आणि ज्याने ‘नाही’ म्हटले, त्याला पुढच्या वर्षी पुन्हा गळ घालू नका. नकार ऐकायची तयारी नसलेल्याने प्रश्न विचारूच नये.

शेवटी आईबापांना एवढेच सांगायचे आहे. उद्या तुमचा मुलगा किंवा मुलगी म्हणाली, की मला दोन दिवस मठात राहून बघायचे आहे, तर रडू नका आणि पेढेही वाटू नका. दोन्हींनी मुलावर ओझे पडते. जा म्हणा, परत आल्यावर काय वाटले ते विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. तो गेला तर त्याच्या पाठीशी उभे राहा. परत आला तर त्याची खोली तशीच ठेवलेली असू द्या. निर्णय त्याचा आहे, आणि तो पूर्ण विचाराने घेण्याचा हक्कही त्याचाच आहे.